सहाशे तेरावी नोंद

१

"वर दोघी राहतात," जिना पुसणारी मीटरवाल्याला सांगत होती. "लोकांना वाटतं एकटीच आहे. एक कामाला बसलेली असते, आणि दुसरी—"

तेवढ्यात पाण्याचा पंप सुरू झाला. आमच्या इमारतीचा पंप सुरू झाला की माणसाला स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. दाराच्या फटीला लावलेला माझा कान तसाच लावलेला राहिला. पंप थांबला तेव्हा मीटरवाला तळमजल्यावर पोहोचला होता आणि जिना पुसणारी बादली घेऊन पलीकडच्या जिन्याला.

"ऐकलंत का," मी आत येऊन यांना म्हणाले, "वरच्या आकडेताईकडे म्हणे दुसरी कुणीतरी राहते."

"म्हणे कोण?" पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणाले.

"जिना पुसणारी."

"तुला सांगितलं तिने?"

"मीटरवाल्याला."

"तुझं नाक तुझ्या दोन पायऱ्या पुढे चालतं," हे म्हणाले आणि पान उलटलं.

चालू दे. आकडेताई म्हणजे तिसऱ्या मजल्यावर डावीकडे राहायला आलेली मुलगी. बरोबर माझ्या डोक्यावर. इस्पितळाच्या पाहणीचे आकडे घरी बसून बघते, म्हणून इमारतीने तिचं हे नाव ठेवलं. वय चौतीस, पण चणीने कॉलेजातली वाटते. सामान उतरवलं त्या दिवशी तिच्या आईने माझा हात धरला होता. "पोरगी एकटी आहे हो, लक्ष ठेवा," म्हणाली आणि माझा फोन नंबर लिहून घेतला. म्हणजे माझं नाक रीतसर नेमलेलं होतं.

आणि खरं सांगायचं तर मलाही काही दिवस एक गोष्ट खटकत होती. सकाळी नऊला माझ्या पुढच्या खोलीच्या वर तिची खुर्ची सरकते. हे रोजचं. हल्ली थोड्या वेळाने आतल्या खोलीच्या वरही एक खुर्ची सरकायची.

२

साखरेची वाटी घेऊन मी वर गेले. घरात साखरेचा डबा भरलेला होता, ते सांगायला नकोच.

दार तिनेच उघडलं. केस वर बांधलेले, त्यात पेन्सिल खोचलेली. "या ना काकू! जेवलात? काकांचा गुडघा कसा आहे? त्या डाळीत किडे झाले होते, त्याचं काय केलंत?"

ही पोरगी अशी. आपण एक विचारावं तर ती तीन विचारते. मला शेराला सव्वाशेर भेटली होती.

बोलता बोलता मी घर पाहून घेतलं. दाराशी एक चप्पल. ओट्यावर एक कप. खिडकीपाशी टेबल, त्यावर लॅपटॉप, समोर खुर्ची. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तिथे कंबरेएवढी पुठ्ठ्याची खोकी रचलेली, आणि मधे भिंतीपर्यंत जायला जेमतेम वाट. त्या खोलीत खुर्ची नव्हतीच. आवाज कुठून कुठे जातात, जुनी इमारत आहे, असं म्हणून मी ती गोष्ट मिटवली.

"चेहरा का गं असा?" मी विचारलं.

"कनेक्शन होत नाहीये काकू. सगळी माहिती या जुन्या डेटाबेसमध्ये आहे. गणितं करायची या दुसऱ्या, संख्याशास्त्राच्या प्रोग्राममध्ये. तो चौसष्ट बिटचा, मधला ड्रायव्हर बत्तीसचा. एका संगणकात राहून एकमेकांना दिसत नाहीत."

"सासू-सुनेसारखं."

ती खळखळून हसली. "हो ना! मधे निरोप पोचवणारं कुणीतरी हवं."

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि मी उडालेच. तो हिरवा फॉर्म! शाळा माझी दहावीपर्यंतच, पण टायपिंग शिकलेली. त्या जोरावर इस्पितळाच्या नोंदखोलीत मी अकरा वर्षं काढली. पाहणीतली सहाशे बारा माणसं, दरवर्षी त्यांना तेच प्रश्न. झोप कशी, चालताना त्रास होतो का, घरी किती माणसं, कोण भेटायला येतं. लोक घरोघरी जाऊन कार्डं भरून आणायचे आणि मी ती या फॉर्ममध्ये चढवायची. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले.

"म्हणजे हे सगळं तुम्ही भरलंय?" तिने माझा दंडच धरला. "काकू, मग मला सोडू नका. शुक्रवारी अहवाल द्यायचाय. मोजणी जुळली नाही तर सहा महिन्यांच्या बोलीवरची नोकरी इथेच संपली, आणि आई मला चादरीत गुंडाळून घरी नेईल."

"नेते कशी! मी आहे ना," मी म्हणाले.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच बोलवायला आली. कनेक्शन झालं होतं. योग्य ड्रायव्हर सापडला, फाइलचा रस्ता सरळ केला, तरी ते अडून बसलं होतं. शेवटी तिने 'फक्त वाचण्यासाठी' या चौकोनातली खूण काढली, तेव्हा कुठे चाललं.

"म्हणजे आता इकडून तिकडे लिहिताही येईल?" मी विचारलं.

"येईल. पण लिहितंय कोण? उद्या परत लावते खूण."

संगणकवाल्यांचं 'उद्या' मला चांगलं ठाऊक आहे.

"पण काकू, हे बघा. डेटाबेस म्हणतो सहाशे बारा. हा म्हणतो सहाशे तेरा."

मी म्हणाले, वरची मथळ्याची ओळ मोजली असेल. ती नव्हती. म्हणाले, एक कार्ड दोनदा चढलं असेल. तेही नव्हतं. मग तिने डेटाबेसमध्ये तक्ता अगदी तळापर्यंत नेला. शेवटच्या नोंदीखाली एक ओळ होती, आणि तिच्या प्रत्येक रकान्यात एकच शब्द: हटवलेली. हटवलेली. हटवलेली. डावीकडून उजवीकडे अठ्ठावीस वेळा.

"पुसलेल्या ओळीचं भूत," ती हसत म्हणाली. "होतं कधी कधी. आता हीच ओळ इकडे बघा."

संख्याशास्त्राच्या प्रोग्राममध्ये ती ओळ धडधाकट होती. क्रमांक ९९९९. बाई. वय चौतीस. झोप चांगली. घरी माणसं: दोन. नावाच्या रकान्यात फक्त एक टिंब.

त्या टिंबाला मी ओळखत होते.

फॉर्म नवा होता तेव्हा तो चालतो का हे बघायला मी एक खोटी बाई भरली होती. नावाचा रकाना रिकामा ठेवू देत नव्हता म्हणून टिंब दिलं. वय माझं स्वतःचंच टाकलं, तेव्हाचं नव्हे, लग्नानंतरचं, मला आवडायचं ते. नंतर पुसायला विसरले. पुढच्या वर्षी कामाचा कंटाळा आला तेव्हा गंमत म्हणून तिचंही कार्ड आल्यासारखं भरलं. झोप चांगली, भेटायला कुणी नाही, घरी माणसं एक. मग दरवर्षीच भरत गेले. तिचं वय मात्र कधी वाढवलं नाही. निवृत्तीच्या दिवशी आठवणीने ती ओळ पुसली होती. ती गेल्याचंही पाहिलं होतं.

घरी माणसं दोन, हे मी कधीच भरलं नव्हतं.

"कुणाची चाचणीची नोंद राहिली असेल," मी म्हणाले. माझी म्हणून काही सांगितलं नाही. लाज वाटली.

४

दोन दिवस मी वर फिरकले नाही. स्वतःला समजावत राहिले. माझ्यामागे कुणी दुसरी टायपिस्ट आली असेल, तिलाही कंटाळा आला असेल, तिनेही टिंबाशी खेळ केला असेल. पटण्यासारखं होतं. मग डोक्यावरच्या आतल्या खोलीत खुर्ची सरकली की ते पटेनासं व्हायचं.

गुरुवारी दुपारी ती खाली आली. चेहरा उतरलेला. "काकू, जरा येता का वर? तुम्ही एकदा वाचा. मला वाटतंय जागून जागून माझ्याच डोळ्यांना काहीतरी झालंय."

त्या ओळीचा शेवटचा रकाना 'शेरा'. पाहणीला गेलेल्या माणसाला काही वेगळं दिसलं तर लिहायची जागा. टिंबाच्या शेऱ्यात मी कधी काही लिहिलं नव्हतं. आता तिथे मजकूर होता.

*पत्ता बदलला. तिसरा मजला, डावीकडचं दार. घरी आणखी एक आहे. ती नऊला बसते. ती चहा दोनदा करते. ती पेन्सिल केसांत ठेवते.*

"हे कुणी लिहिलं?" मी विचारलं.

"मी नाही. काकू, काल यात चहापर्यंतच होतं."

खोलीत लॅपटॉपच्या पंख्याची घरघर तेवढी होती. नळ नीट बंद नव्हता, थेंब पडत होता. मी थेंब मोजायला लागले, म्हणजे दुसरं काही ऐकू यायला नको.

"परत वाचून बघ," मी म्हणाले. "ताजं करतात ना, तसं."

तिने बटण दाबलं. ओळ क्षणभर गेली आणि आली.

*आज खालची बाई आली आहे. ती उभी आहे.*

मी मटकन त्या एकुलत्या खुर्चीत बसले आणि तिला सगळं सांगून टाकलं. टिंब, गंमत, अकरा वर्षं, सगळं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "तिला तुम्ही कधी भेटायला कुणी दिलं नाहीत काकू? अकरा वर्षांत एकदाही?"



५

घाबरलं की हातांना काम द्यावं. मला एकच काम येत होतं.

नोंदखोलीत दर शनिवारी आम्ही फाइल आवळायचो. पुसलेल्या ओळी वरून दिसत नसल्या तरी फाइलच्या पोटात पडून असतात. आवळली की त्या कायमच्या जातात. पण एक अट होती. त्या वेळी फाइल कुणाचीही उघडी असता कामा नये, नाहीतर संगणक ऐकत नाही. म्हणून मी बोळात उभी राहून ओरडायची, "सगळ्यांनी बाहेर पडा!" डॉक्टरसुद्धा घाबरून बाहेर पडायचे.

"आवळून टाकू," मी म्हणाले. "ओळ गेली की मोजणीही जुळेल आणि हेही संपेल."

तिने संख्याशास्त्राचा प्रोग्राम बंद केला. कनेक्शन तोडलं. डेटाबेस बंद केला. मग आवळायला घेतला तर निरोप आला: फाइल दुसऱ्या वापरकर्त्याकडे उघडी आहे.

"दुसरं कोण? फाइल तर माझ्याच लॅपटॉपवर आहे," ती पुटपुटली.

फाइल उघडी असली की तिच्या शेजारी एक छोटी कुलपाची फाइल तयार होते. आत कोण कोण आहे त्यांची यादी तिच्यात असते. तिने ती उघडली. एकच ओळ होती. त्या ओळीत एक टिंब.

भर दुपार, बाहेर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी होत होती. आणि इथे दोन मोठ्या बायका आतल्या खोलीच्या अर्ध्या उघड्या दाराकडे मान वळवायला तयार नव्हत्या.

"तुम्ही ओरडायच्या ना, तसं ओरडून बघा," ती म्हणाली. हसायचा प्रयत्न करत होती. "सवय असेल तिला तुमच्या आवाजाची."

मी घसा खाकरला. "सगळ्यांनी बाहेर पडा!"

काही झालं नाही. थेंब पडला. फोन वाजला तेव्हा मात्र आम्ही दोघी किंचाळलो.

"आई आहे," ती म्हणाली. "काकू, आत आवाज तुटतो, मी जिन्यात जाऊन दोन मिनिटांत आले. नाहीतर ती घाबरेल. तुम्ही थांबाल ना?"

"जा गं. मी कुठे जाते?"

ती गेली. दार तिच्यामागे लागलं. "हं आई, बोल. तू जेवलीस का? औषध घेतलंस?" जिन्यातून ऐकू येत होतं.

मी पडद्याकडे पाहिलं. कुलपाची फाइल नाहीशी झाली होती.

गेली! बाहेर पडली! माझ्या जिवात जीव आला. विचार करायला थांबले नाही. अकरा वर्षांच्या सवयीने बोट आपोआप बटणावर गेलं आणि मी दाबलं.

हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायला लागली.

आणि माझ्या मागे, आतल्या खोलीत, खूप वेळ बसलेलं माणूस उठताना सरकते तशी खुर्ची सरकली.

६

मी वळले नाही. हे मी नंतर यांनाही सांगितलं, की मी वळले नाही, त्यामुळे काही पाहिलं असं म्हणता येणार नाही. पट्टी सरकत होती. लॅपटॉपच्या पडद्याच्या काळ्या कडेत मागची खोली दिसते, तेवढ्या जागेत जे दिसलं ते. खोक्यांच्या वाटेतून कुणीतरी आलं. चालताना एका खोक्यावरून बोटं फिरवत आलं, लहान मूल भिंतीवरून फिरवतं तशी. माझ्या खांद्याशी थांबलं. मग एक हात वर गेला आणि केसांत काहीतरी खोचलं.

जिन्यातलं बोलणं मधेच थांबलं होतं. कधी थांबलं ते लक्षात आलं नाही.

पट्टी भरली.

"झालं," माझ्या मागून ती म्हणाली.

आता मात्र मी वळले. आकडेताईच होती. तेच कपडे, तोच चेहरा, केसांत पेन्सिल.

"अगं, तू जिन्यात होतीस ना?"

"हो."

"मग आतून कशी आलीस?"

"दारातून," ती म्हणाली. चुकीचं काही नव्हतं. मी पट्टीकडे डोळे लावून बसले होते, पुढचं दार उघडून ती माझ्या मागून आत जाऊन आली असेल. असेलच.

तिने दोन्हीकडची मोजणी लावली. सहाशे बारा, सहाशे बारा. तळाची ओळ गेली होती.

मी घरी निघाले. दार उघडून बाहेर आले, आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर तिचा फोन पडलेला दिसला. सरळ, कुणी ठेवल्यासारखा. पडदा उजळलेला होता, फोन चालूच होता, सेकंद पुढे जात होते. आतून बारीक आवाज येत होता.

"हॅलो? अगं मधेच काय थांबलीस? हॅलो? काय विचारत होतीस तू?"

मी फोन उचलून परत वर गेले आणि तिच्या हातात दिला. तिने कानाला लावला. "मी बरी आहे. हो. जेवले. हो." अगदी नीट बोलली.

मी तिथेच उभी राहून ऐकलं. माझा स्वभाव. बोलणं संपलं, तिने फोन टेबलावर ठेवला, आणि माझ्याकडे बघत शांत उभी राहिली. मी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघत असल्यासारखी.

७

अहवाल शुक्रवारी गेला. एकही चूक निघाली नाही. नोकरी कायम झाली, हे मला आठवड्याने कळलं, तेही मी विचारलं म्हणून.

जिना पुसणारीला मी गाठलंच. "काय गं, त्या दिवशी मीटरवाल्याला काय सांगत होतीस? वर दोघी राहतात, एक कामाला बसते, आणि दुसरी काय?"

तिने जीभ चावली. "दुसरी तिच्या मागे उभी राहून शिकते, असं म्हणाले होते मी. पलीकडच्या जिन्यातून तिच्या खिडकीत तसं दिसायचं, काकू. पण माझीच चूक झाली. आता रोज जाते ना मी वर झाडायला, एकच आहे. उगाच कुणाला सांगू नका हं."

मीही जाते वर. वाटी नेत नाही आता. ती 'या' म्हणते, 'बसा' म्हणते. विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. खुर्ची एकाच खोलीत सरकते. हे म्हणतात, "चांगलंय की, पोरगी शहाणी झाली. तुझ्या चौकश्यांना वैतागली असेल." तसंही असेल. कामाचा ताण उतरला की माणूस गप्प होतं. मी रोज असं काहीतरी शोधून काढते आणि रात्री झोपते.

काल तिच्या आईचा फोन आला. मला.

"तुम्हाला त्रास देते हो," ती म्हणाली. "ती फोन उचलते. सगळं नीट सांगते. खाल्लं, झोपले, काम झालं. पण तीन आठवडे झाले, तिने मला एकदासुद्धा काही विचारलं नाही. माझं औषध, माझं दुखणं, काही नाही. लहानपणापासून प्रश्न विचारून माझा जीव खायची ती." पलीकडे नाक पुसल्याचा आवाज आला. "मी मीटरवाल्याला दोन दिवसांपूर्वी फोन केला होता. भाड्याचं हे घर त्यानेच दाखवलं होतं ना. तो म्हणाला, लोक बोलतात की तिथे दोघी राहतात. खरं सांगा, कुणी आलंय का तिच्याकडे राहायला? एकटीच राहते ना ती?"

माझ्या डोक्यावर खुर्ची सरकली. नऊ वाजले होते.

"एकटीच आहे," मी म्हणाले. "दोघी नाहीत."

तेवढं तरी खरं होतं.